एकाचीच तार

मला एका दिवशी दोन मुलं झाली आणि मी तार एकाचीच केली.

एवढं आमच्या सगळ्या नातेवाइकांना तोंडपाठ आहे. कुणाच्या लग्नामुंजीला आम्ही लखनौहून जाऊन उतरलो की पंगतीत कुणीतरी हा विषय काढतंच, आणि मी मान खाली घालून जिलबी खातो. मी तसं का केलं हेही सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणजे ठाऊक आहे असं त्यांना वाटतं. त्यांचं ते कारण चुकीचं आहे. सतरा वर्षं मी ते दुरुस्त केलं नाही, कारण खरं कारण त्याहून लाजिरवाणं होतं. आणि ज्या मुलीची तार मी केली नाही, ती ते चुकीचं कारण खरं मानून मोठी झाली.

मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीनं लखनौला आणून टाकलं. सरकारी प्रयोगशाळा, आणि माझं काम पांढऱ्या उंदरांवर. गाभण उंदरिणीला नवं औषध द्यायचं आणि तिच्या पिल्लांचं काय होतं ते बघायचं. म्हणजे बाळंतपणं हा माझा धंदाच म्हणा ना. शेकड्यांनी उरकली होती. त्यामुळे बायकोला दिवस गेले तेव्हा यातलं आपल्याला कळतं, असा माझा समज होता.

"तुमच्या उंदरिणींना डोहाळे कसले लागतात हो?" तिनं एकदा विचारलं.

"डोहाळ्यांचं माहीत नाही. पण बिथरल्या तर स्वतःचीच पिल्लं खातात."

"शहाण्या आहेत. मला नुसतं तुम्हाला खावंसं वाटतं."

पोटात दोन आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सोनोग्राफी वगैरे तेव्हा नव्हती. डॉक्टरीणबाई पोटाला एक छोटा कर्णा लावून ऐकायच्या आणि "माशाअल्लाह" म्हणून उठायच्या. सासूबाई आठव्या महिन्यात कऱ्हाडहून येणार होत्या. पण बायकोच्या कळा सातव्यातच सुरू झाल्या, जानेवारीतल्या एका सकाळी. धुकं इतकं दाट, की मी रिक्षापुढे चालत घंटी वाजवत गेलो आणि मागून रिक्षावाला मला रस्ता सांगत आला.

आधी मुलगा झाला. मी बाकावरून उठलो, तर डॉक्टरीणबाई दारातून म्हणाल्या, "तशरीफ़ रखिए. अभी एक और हैं." जन्माला न आलेल्या जिवालाही बहुवचन! अकरा मिनिटांनी मुलगी झाली. दोघे नवाबजादे आईच्या पोटात एकमेकांना 'पहले आप' म्हणत बसले म्हणून बाळंतपण लांबलं, हा विनोद पुढच्या दोन महिन्यांत मला शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांनी सांगितला. मी दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसलो.

वेळेआधी आलेल्या बाळांची एक वेगळी खोली होती. आजकाल असल्या खोलीला भारदस्त इंग्रजी नाव असतं. तेव्हा नुसतं 'शीशेवाला कमरा' म्हणत. आत दोन काचेच्या पेट्या आणि भिंतीशी चार लाकडी पाळणे, त्यांच्यावर ऊब द्यायला टांगलेले विजेचे दिवे. पेट्या दोन्ही रिकाम्या होत्या, म्हणून आमच्या दोघांना मिळाल्या. बापांना आत मज्जाव. बाहेरच्या व्हरांड्यात उभं राहायचं, काचेवर नाक दाबायचं, आणि स्वतःच्या श्वासानं काच धुरकटली की रुमालानं पुसायची. खोलीचं राज्य एका केरळच्या सिस्टरचं. उंची माझ्या खांद्याएवढी, पण मोठमोठे डॉक्टर आत शिरण्याआधी तिच्या तोंडाकडे बघत.

मुलगा सतराशे ग्रॅमच्या पुढे होता. लालभडक, ओरडत होता, त्याला राग आलेला दिसत होता. मुलगी बाराशे ऐंशी. ती ओरडत नव्हती. कातडं हाडांना मोठं होतं, जणू दुसऱ्या कुणाचं घालून आली होती.

मी बघितलं आणि तारघरात गेलो. दोन फॉर्म भरले, एक सासरी, एक आमच्या घरी: 'मुलगा झाला, आई आणि मुलगा सुखरूप.' इंग्रजीत, ठसठशीत अक्षरात. कारकून म्हणाला, "मुबारक हो, मिठाई?" मी म्हणालो, "जरूर, जरूर."

पेन कुठेही अडखळलं नाही. मला सांगायचंय ते हेच. घरच्यांच्या जिवाला घोर नको असा विचार करून मी मुलगी गाळली असती तर तो निदान विचार तरी झाला असता. मी विचार केलाच नाही. मी नेहमीचं काम केलं.

आमच्याकडे पद्धत अशी होती. उंदरीण व्याली की त्याच दिवशी पिल्लं रजिस्टरात चढवायची नाहीत. पहिल्या तीन दिवसांत किरकोळ पिल्लं आपसूक जातात, एखाददुसरं आईच गट्ट करते. चौथ्या दिवशी मोजायची, वजनं करायची, आठ धडधाकट ठेवायची आणि उरलेली बाजूला काढायची. 'बाजूला काढणं' याचा अर्थ सांगत बसत नाही. पहिल्याच दिवशी नोंद केली तर पुढे खाडाखोड करावी लागते, आणि खाडाखोड केलेलं रजिस्टर आमच्या साहेबांना खपत नसे. पाच वर्षं मी हेच करत होतो. हात असा बसला होता, की पिल्लू तळहातावर घेतलं की तराजूच्या आधी सांगायचो, हे राहील, हे जाईल. क्वचितच चुकायचो. माझी त्याबद्दल तारीफ व्हायची.

त्या सकाळी काचेपलीकडे मुलगी बघितली आणि आतून कुणीतरी सांगितलं, जाईल. मग चौथ्या दिवसाच्या आत तिला कशाला लिहा?

चौथा दिवस उजाडला. ती होती.

आता काय करायचं? चार दिवसांनी दुसरं मूल झालं अशी तार करायची? लोक विज्ञानात रस घ्यायला लागले असते. म्हटलं, सातव्या दिवशी बघू. तोवर मी एक शक्कल काढली. प्रयोगशाळेतला पांढरा कोट घातला, खिशाला दोन पेनं लावली आणि सरळ शीशेवाल्या खोलीत शिरलो. शिपायानं सलाम ठोकला. व्हरांड्यातल्या एका बापानं तर मला त्याच्या बाळाचं काय ते विचारलं, आणि मी 'वजन बढ़ना चाहिए' असं सांगून त्याचा निरोप घेतला. आत दोन मिनिटं टिकलो. सिस्टरनं मला दोनदा हुंगलं.

"ये हमारा कोट नहीं है, साब. इसमें जानवर का बू है."

"मैं साइंटिस्ट हूँ."

"होगा. बाहर होने का."

बाहेर झालो. उंदरांचा कोट घालून मी त्या पोरांजवळ गेलो, याची शिसारी मला चार-पाच वर्षांनी आली. तेव्हा फक्त अपमान झाल्यासारखं वाटलं.

आठव्या दिवशी सासूबाईंची तार आली: निघाले, गुरुवारी पोचते. तार वाचल्यावर माझ्या मनात जे आलं ते मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मनात आलं, जे काय व्हायचं ते गुरुवारच्या आत होऊन जाऊ दे. म्हणजे खाडाखोड करावी लागणार नाही. मुलीला ताप आला होता का, ती आदल्या दिवशी काय प्यायली, यातलं काहीच मनात आलं नाही. गुरुवार आला.

तिकडे वॉर्डात बायको खाटेवर बसून वाटीत दूध काढायची आणि मला विचारायची, "छोटी कशी आहे हो?" मी म्हणायचो, "ठीक." ती तिसऱ्या दिवसापासून भिंतीला धरून धरून काचेपर्यंत जात होती आणि मुलीच्या पेटीसमोर जास्त वेळ उभी राहत होती. घरी दोघांचंही कळवलंय, हे तिनं गृहीतच धरलं होतं. तसं कोण धरणार नाही?

गुरुवारी गाडी पाच तास उशिरा आली. सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. दोन दिवसांच्या प्रवासानंतरही नऊवारीला सुरकुती नाही, आणि प्लॅटफॉर्मवर पाय ठेवल्या ठेवल्या हमालाला शिस्त लावलेली. स्टेशनबाहेर माझा रोजचा रिक्षावाला उभा होता. तो त्यांना बघून खुलला.

"मुबारक हो अम्माजी! बेटा भी, बिटिया भी! ऊपरवाले ने एक ही बार में निपटा दिया."

सासूबाईंची हिंदी रेडिओवरची होती, पण तेवढी पुरली. "बिटिया कुणाची?"

"आमच्या साहेबांची," मी म्हणालो. "त्यांनाही परवाच झाली."

"आणि ह्याला कशी ठाऊक?"

"लखनौ आहे आई. इथे सगळे सगळ्यांची चौकशी करतात."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. रिक्षा थेट हॉस्पिटलकडे घ्यायला लावली. मी म्हटलं, आधी घरी जाऊ, हातपाय धुवा, चहा घ्या. "नातू बघितल्याशिवाय चहा कसला?" झालं. सबंध रस्ताभर मी तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि दरवेळी तोंडातून एखाद्या इमारतीची माहितीच बाहेर पडली.

सासूबाई काचेसमोर उभ्या राहिल्यावर सिस्टरनं आधी मुलगा उचलून दाखवला. मग दुसऱ्या पेटीकडे गेली आणि मुलीला न उचलता, नुसतं दुपटं बाजूला करून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा पुसला. पेट्यांवर आईच्या नावाच्या चिठ्ठ्या होत्या. जन्मभर हजेरीपट वाचलेली बाई.

"नाव माझ्या लेकीचं आहे."

"हो."

"दोन्हीवर."

"हो."

"तुमच्या साहेबांना लेक फार घाईनं झाली म्हणायची," त्या म्हणाल्या, "आणि फार घाईनं गेलीही."

मी काच पुसत राहिलो.

"तिला माहीत आहे, तुम्ही आम्हाला काय कळवलंत ते?"

"नाही."

"मग आधी ते पोर जगू दे. मग तुमच्याकडे बघते. भेटायची वेळ किती वाजता?"

"चारला."

"ती पहिलं विचारेल, आई, काय काय आणलंस. माझ्या ट्रंकेत सगळं एकाचंच आहे. एक कुंची, एक दुपटं, एक मनगट्यांची जोडी. बाजार कुठाय इथला?"

अशा तऱ्हेनं माझ्या सासूबाईंनी लखनौ प्रथम पाहिलं ते अमीनाबादेत, पारोशा तोंडानं, माझ्याशी एक शब्द न बोलता. फ्लॅनेल मिळालं, काळे मणी मिळाले. कुंची मिळेना. टोपी, पण मागे पाठीवर झूल सोडलेली, हे मी दुकानदाराला हातवारे करून सांगितलं. तो पानाची पिंक टाकून येऊन अदबीनं म्हणाला, "यानी बिटिया के लिए बुर्क़ा? अभी से?" सासूबाईंनी काउंटरवरची कात्री उचलली, कापड बेतलं, आणि त्याच दुकानाच्या पायरीवर बसून, त्याचाच सुईदोरा घेऊन कुंची शिवली. दुकानदारानं त्यांच्यासाठी चहा मागवला. माझ्यासाठी नाही.

चार वाजता वॉर्डात दोन कुंच्या, दोन दुपटी, दोन जोड्या मनगट्या खाटेवर मांडल्या गेल्या. बायको रडली. "आई, तू एवढ्या घाईत दोघांचं केलंस!" सासूबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "बातमीच तशी आली ना."

ट्रंकेत आणखी एक वस्तू होती. चांदीचं बोंडलं, चोचीच्या आकाराचं, बाळाला पाजायचं. ते मात्र एकच. मुलीला नळीनं दूध दिलं की ती उलटायची, आणि चोखायला तिच्यात जीव नव्हता. सासूबाईंनी खोलीच्या दाराशी उभं राहून सिस्टरला बोंडलं दाखवलं. एकीला मराठी येईना, दुसरीला मल्याळम, आणि दोघींची हिंदी अशी, की कुठल्याही लखनौकरानं कानावर हात ठेवावेत. पण सिस्टरचं तोंड बदललं. "ये तो हमारे घर में भी है! हमारा अम्मा इसमें पिलाया हमको!" तिनं ते वीस मिनिटं उकळलं. त्या दिवशी मुलीच्या पोटात पहिल्यांदा दूध टिकलं.

आता माझ्यापुढे दुसरं संकट होतं, पोस्टाचं. गावाकडून अभिनंदनाची पत्रं यायला लागली होती, सगळी मुलाची. बायको म्हणायची, वाचून दाखवा. मी खाटेपासून जरा लांब खिडकीशी उभा राहून, उजेडासाठी म्हणून, वाचायचो आणि जाता जाता मुलीला त्यात बसवायचो. काकांनी 'चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिलेलं असायचं. मी वाचायचो, 'चि. बाळास व चि. ताईस'. हळूहळू त्यात हात बसला. 'ताईचे डोळे कुणासारखे आहेत ते कळवणे', असं एका मामाच्या पत्रात मी घातलं आणि संध्याकाळी काचेशी उभा राहून ते खरोखर बघत बसलो, कारण बायको म्हणाली होती, मामांना उत्तर लिहा. एका मावशीनं मात्र मला पेचात टाकलं. तिनं मुलाचा पाळणा रचून पाठवला होता, चार कडव्यांचा. मुलीला त्यात आणायचं तर जागच्या जागी पाचवं कडवं करणं भाग होतं. मी केलं. त्यात 'छकुली'ला 'ढकली'चं यमक होतं.

बायको डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "मावशीला शेवटी शेवटी कंटाळा आलेला दिसतोय."

पत्रं मी ऑफिसच्या कपाटात उंदरांच्या खाद्यामागे ठेवायचो.

चार आठवड्यांनी मुलगा घरी गेला. अंगावर प्यायला लागला होता, त्याच्याबरोबर आई गेली, आजी गेली. मुलगी मागे राहिली. रोज दोनदा घरून बरणीत दूध घेऊन जाणं माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी बरणी दारातून आत दिली तर सिस्टर म्हणाली, "आज से आप पिलाएगा. मेरा दो ही हाथ है." कोपरापर्यंत हात धुवायला लावले, तिथला कोट दिला, तो हुंगून बघितला, आणि मुलगी माझ्या हातावर ठेवली.

तळहातावर. मला सवय तीच होती. आणि हात गप्प होता, राहील की जाईल यातलं काही सांगेना. बोंडल्याची चोच ओठाच्या कोपऱ्याला लावायची, थेंब सोडायचा, थांबायचं, ती गिळते का बघायचं, मग पुढचा थेंब. दोन चमचे दुधाला अर्धा तास लागायचा. मधेच ती श्वास घ्यायला विसरायची. सिस्टर दुरूनच ओरडायची, "पैर में टिचकी मारो, साब!" मी टिचकी मारायचो, ती रागानं आक्रसायची आणि पुन्हा श्वास घ्यायची. वीस ग्रॅम वाढलं की मी घरी पळत यायचो, दहा घटलं की रिक्षावाल्याशीसुद्धा बोलायचो नाही. हे तीन आठवडे चाललं. त्या दिवसांत मी कामावर पिल्लांची वजनं करायचं टाळलं. सहकाऱ्याला सांगितलं, मनगट दुखतंय.

सातव्या आठवड्यात मुलगी घरी आली. रविवारी बायको पोस्टाची अंतर्देशीय पत्रं घेऊन उन्हात बसली. बारसं राहिलं होतं, ते दोघांचं एकदम करायचं होतं.

"अहो, ऐका. 'आमच्या जुळ्यांचे बारसे योजिले आहे.' ठीक ना?"

सासूबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सांगा आता."

मी सांगितलं. मुलाचीच तार केली होती, गावाकडे एकच मूल ठाऊक आहे, पत्रं माझ्या कपाटात आहेत. बायकोनं पेनाला टोपण लावलं.

"मग मावशीचं पाचवं कडवं?"

"माझं."

"वाटलंच." मग आवाज बदलला. "का पण?"

"डॉक्टरांनी आशा सोडली होती," मी म्हणालो. ते खोटं होतं. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या होत्या, की बघू या.

ती उठली, अंतर्देशीय पत्रांचा गठ्ठा आत ठेवून आली. "कार्डं आणा. पोस्टकार्डं. तुमच्या अक्षरात, एकेकाला. मुलगीही झाली होती, मी लपवलं, असं लिहायचं. पाकिटात नाही. पोस्टमननंही वाचलं पाहिजे."

मी कुणाला दोन ओळींपलीकडे पत्र न लिहिणारा माणूस. एकवीस कार्डं लिहिली. सासूबाईंनी शुद्धलेखन तपासलं.

आठवड्याभरात उत्तरं यायला लागली, आणि ती बायकोनं स्वतः वाचली. एकानंही विचारलं नाही, की का. सगळ्यांना कारण आपोआप समजलं होतं. माझ्या वडिलांनी लिहिलं, 'कन्या झाली म्हणून तोंड लपवणारा आपल्या घराण्यात तू पहिला.' काकांनी लिहिलं, मुलगी म्हणजे लक्ष्मी असते, शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागावं याचं वाईट वाटतं. मावशीनं मुलीसाठी खरा पाळणा पाठवला, माझ्यापेक्षा पुष्कळ बरा.

बायकोनं वडिलांचं पत्र माझ्यापुढे धरलं. "असं होतं का?"

तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग कसं होतं? मुलगी नको असणं हे पाप निदान लोकांना समजतं. त्या पापाला सोबत आहे. गावोगाव माणसं आहेत त्यातली. त्यावर रागावता येतं, माफ करता येतं. वजनावरून पोटच्या पोरीची नोंद केली नाही, ही गोष्ट मी कुणाजवळ काय म्हणून सांगणार होतो? मुलगा बाराशे ऐंशीचा असता तर त्याला गाळलं असतं आणि पोरीची तार केली असती, हा बचाव आहे की गुन्हा, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मी गप्प बसलो. बायकोनं पत्राची घडी घातली आणि पंधरा दिवस माझ्याशी फक्त मुलांच्या दुपट्यांबद्दल बोलली.

पुढे तो घरातला विनोद झाला. मुलगी चौथीत असल्यापासून काही मागायचं असलं की सुरुवात तिथूनच करायची: "आप तो मुझे चाहते ही नहीं थे." तिला सायकल भावाच्या आधी मिळाली, घड्याळ आधी मिळालं. भाऊ एकदा म्हणाला, "बाबा, अगली बार मेरी तार मत कीजिए." सगळे हसले. मीही.

या डिसेंबरात तिच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती, विषय स्त्रीजन्म. गच्चीवर ती मला श्रोता म्हणून बसवून सराव करत होती. हात पुढे करून म्हणाली, "आदरणीय निर्णायकगण, उदाहरण दूर क्यों ढूँढूँ? मेरे अपने पिता, एक वैज्ञानिक, मेरे जन्म पर..."

"हे खरं नाही," मी म्हणालो.

"बाबा, बीच में मत बोलिए. सब जानते हैं."

"सगळ्यांना चुकीचं माहीत आहे."

मी तिला रजिस्टर सांगितलं. चौथा दिवस सांगितला, आठ पिल्लं सांगितली, हात सांगितला. ती गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत राहिली, भाषणाचा कागद हातात.

"यानी मैं मोटी होती, तो तार में मैं जाती?"

"हो."

"और भैया छोटा होता तो उसको उड़ा देते?"

"हो."

"पक्का?"

"पक्कं."

तिनं जरा वेळ कागदाकडे बघितलं. "तो मेरी स्पीच गई. चूहों पर कौन प्राइज़ देगा?" मग एकदम माझ्याकडे न बघता, "सत्रह साल से मैं सोचती थी कि लड़का होती तो..." आणि तिथे थांबली. वाक्य पुरं केलं नाही. मी विचारलंही नाही. ते पुरं कसं होतं हे मला कळत होतं, आणि ते मी तिच्या डोक्यात ठेवलं होतं.

"आई को पता है?"

"नाही."

"तो जाइए. मैं दूसरा उदाहरण ढूँढती हूँ."

गुरुवारच्या आत होऊन जाऊ दे, असं मनात आलं होतं, ते मी तिला सांगितलं नाही. तेवढं धैर्य एका दिवसात येत नाही. तिचं मराठी वाचन अडखळत चालतं. हे वाचेल तेव्हा वाचेल, आणि विचारेल तेव्हा मी सांगेन.

खाली आलो. बायको मागच्या अंगणात उन्हात मटार सोलत बसली होती, दाणे पातेल्यात, सालं टोपलीत. म्हणाली, "उभे का? बसा, सोला." मी बसलो, शेंग हातात घेतली आणि सुरुवात केली. या वेळी काही गाळायचं नाही, असं ठरवून आलो होतो. रजिस्टर होईपर्यंत ती माझ्याकडे न बघता सोलत होती. मग मी गुरुवारचं सांगितलं. तिचे हात तसेच चालू राहिले, फक्त दाणे टोपलीत आणि सालं पातेल्यात पडायला लागली.